सुशीची हरकत

आगाशी, रविवार

प्रिय सुशी,

आपल्या वाडीतल्या रहाटाची कुरकुर आज सकाळपासून कानात घुमते आहे. त्या ठेक्यावर मी शाळेतल्या कविता म्हणायचो आणि तू ओरडायचीस, "दादा, बैल झोपेल!"

जिंकलो गं! गॅसची पाइपलाइन आता आपल्या वाडीतून जाणार नाही, रस्त्याच्या कडेने जाईल. वाडीला पाणी देणारं बावखल बुजणार नाही, केळी तुटणार नाहीत.

एक कबुली देतो. संमतीच्या कागदावर मी सही करून बसलो होतो. कंपनीचा माणूस ओट्यावर बसून माझ्या चार कविता "वाहवा" म्हणत ऐकत राहिला आणि पाचवीच्या आधी त्याने कागद पुढे केला.

सुनावणीत तोच ऐटीत म्हणाला, "मालकांची संमती आहे."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी सातबारा पाहिला. "एका मालकाची. बहिणीचंही नाव आहे, वाटणी झालेली नाही आणि त्यांची लेखी हरकत आली आहे. त्यांना भेटलात का?"

तो घाईघाईने फायलीतले कागद उलटू लागला. मी मात्र भर कचेरीत टाळी वाजवली.

सुशी, पंधरा वर्षांपूर्वी तू वाडीवरचा हक्क सोडायला नकार दिलास, म्हणून मी तुझ्या सासरची, उमेळ्याची वाट सोडली. त्याच नकाराने वाडी राखली. यापुढचं वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

थांब, सूनबाई हाक मारते आहे. "पप्पा, उमेळ्याच्या आत्या दारात आल्यात! आत या म्हटलं, तर म्हणतात, आधी माझी वाडी बघू दे!"

तुझा,
दयादादा