जळकोटच्या घराची चतुःसीमा

मी, व्यंकटी लिंबाजी घंटेवाड, वय वर्षे एकोणसत्तर, सेवानिवृत्त आरेखक, पूर्वी राहणार लातूर, हल्ली राहणार जळकोट, लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली आहे, चष्मा डोळ्यांवर आहे आणि मला कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही, कारण आपण मरू असे मला वाटत नव्हते. गेल्या दिवाळीत उदगीरच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचे कागद पाहिले आणि ते माझ्याशी बोलायचे सोडून माझ्या मुलाशी बोलू लागले, तेव्हा समजले.

माझे वारस दोनच. पत्नी सौ. अंबिका, वय चौसष्ट, आणि मुलगा चि. अंगद, नोकरीनिमित्त हैदराबादला. माझ्यामागे अंबिकेने कुठे आणि कसे राहावे, एवढ्यासाठीच हा कागद आहे. बाकीची कलमे रीत म्हणून.

कलम १. जळकोट येथील चार खोल्यांचे घर, पुढे ओसरी व अंगण, मागे बोअर, माझ्या एकट्याच्या नावावर. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस रस्ता. पश्चिमेस मुज्तबा यांचे भुसार मालाचे गोदाम. माणूस भला, पण त्यांचे बिऱ्हाड उदगीरला, इथे फक्त पोती. दक्षिणेस रिकामा प्लॉट व बाभळी. उत्तरेस कुलूपबंद घर, मालक पुण्यास. खरेदीच्या वेळी ही चतुःसीमा मी तीनदा वाचली आणि कुठेही वाद नाही म्हणून खूश झालो. चारी बाजूंना, दुपारी ओसरीवर येऊन बसेल असे एकही माणूस नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. जन्मभर नकाशे काढले, त्यामुळे मला रेघा तेवढ्या दिसतात.

कलम २. हे घर कसे आले तेही नोंदवतो. लातूरला आमचे दोन खोल्यांचे घर होते, शहाऐंशी साली बांधलेले. पुढे क्लासेस वाढले. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांनी गल्ली भरून गेली, ज्याच्याकडे जिन्याखाली जागा होती त्यानेही तिथे खाट टाकून भाडे सुरू केले. भाजी महाग, दूध महाग, रिक्षा महाग. पेन्शन मात्र होती तेवढीच. दोन हजार तेरा साली आमच्या दोन खोल्यांना असा भाव आला की त्यात जळकोटला चार खोल्या येऊन वर बँकेत ठेवायलाही उरले. मी हुशार ठरलो. ऑफिसातल्या निवृत्त मंडळींना फोन करकरून सांगत असे की इथे वांगी निम्म्या भावात मिळतात, तुम्ही तिकडे काय मरून राहिलात.

विक्रीच्या वेळी नोंदणी कार्यालयात अंबिकेची संमतीदार म्हणून सही घेतली. साहेबांनी तिला विचारले, “राजीखुशीनं ना, बाई?” ती “हाव” म्हणाली. मी मात्र घरी तिला हे विचारलेच नव्हते.

लातूरच्या त्या घराला लागून आबेदाबेगम यांचे घर. त्यांचे पती जिलानीभाई पत्र्याचे काम करीत. आता हयात नाहीत. दोन दारांच्या मध्ये एक सामाईक ओटा होता. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दोन महिने कोणी छताखाली झोपायला तयार नव्हते, तेव्हा जिलानीभाईंनी गल्लीतच पत्रे उभे केले आणि आमची दोन्ही घरे त्याखाली राहिली. चूल एकच. अंगद तेव्हापासून आबेदाबेगमला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. आमचे सामान टेम्पोत चढत असताना ती मला म्हणाली, “भाईसाब, बाईला घेऊन चाललात. मला इचारलं बी न्हाई.” मी हसलो. मला तो विनोद वाटला.

कलम ३. घर ज्यांनी घेतले ते अमृतराव यांनी पंधरा दिवसांत ओटा पाडला आणि चार मजली वसतिगृह उठवले. माझ्या तेराव्याला त्यांना पान वाढू नये, असे मी पहिल्या कच्च्या प्रतीत लिहिले होते. ते खोडले आहे. ओटा ठेवा, असे मी त्यांना कधी सांगितलेच नव्हते. आले तर जेवून जाऊ द्यावे.

कलम ४. माझी पोलादी टेप, पट्ट्या, कंपासपेटी आणि ओळंबा अंगदला. टेपेसोबत एक गोष्टही त्याला देतो, ती आजवर मी कोणाला सांगितलेली नाही.

भूकंपानंतर दोन वर्षे मी पुनर्वसनाच्या कामावर होतो. तेरणेकाठच्या एका गावासाठी नव्या जागेवर प्लॉट पाडले, याच टेपेने. सरळ रस्ते, काटकोनात कोपरे, असे सुंदर गाव मी कागदावर पूर्वी काढले नव्हते. घरे चिठ्ठ्या टाकून वाटली. तिथे चतुराबाई नावाची एक म्हातारी होती. नवरा आणि सून भिंतीखाली गेलेले. ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “सायेब, घर ल्हान द्या, पत्र्याचं द्या, पर लक्ष्मम्माच्या दाराम्होरं द्या.” मी म्हणालो, “बाई, नकाशा मंजूर झालाय.” लक्ष्मम्माचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला निघाले होते. पुढे उन्हाळ्यात पाहणीला गेलो, तर चतुराबाईच्या नव्या घराला कडी. भरदुपारी ती आणि लक्ष्मम्मा जुन्या गावच्या ढिगाऱ्यात, कोणाच्या तरी उंबऱ्याच्या दगडावर बसल्या होत्या. एक नवीन गावाच्या इकडून चालत आली होती, दुसरी तिकडून. मला पाहून त्या चोरी पकडल्यासारख्या उठल्या. मी नोंदवहीत लिहिले, लाभार्थी समाधानी.

अंगद, ते खोटे होते. आणि वीस वर्षांनी तेच मी तुझ्या आईच्या बाबतीत केले, तेही माझ्याच खर्चाने.

कलम ५. हे मुख्य कलम आहे.

गेल्या महिन्यात दुपारी मला लवकर जाग आली. अंबिका ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होती. शेजारी मोबाइल उपडा ठेवलेला, स्पीकर सुरू. त्यातून कोणी बोलत नव्हते, नुसता सुपात धान्य पाखडल्याचा आवाज येत होता. लातूरला आबेदाबेगम निवडत होती, इथे ही निवडत होती. पाऊण तास झाला, दोघींत चार वाक्येही झाली नाहीत. मी म्हणालो, “बोलत न्हाईत तर फोन कशाला चालू ठेवलाय?” अंबिका मान वर न करता म्हणाली, “बोलायला न्हाई लावला. बसायला लावलाय.” सहा वर्षे रोज चार वाजता हे चालले होते आणि मी आत घोरत होतो.

त्या दिवसापासून मला नीट जेवण जात नाही. म्हणून असे ठरवतो की, माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत जळकोटचे घर विकावे आणि सर्व रक्कम अंबिकेची एकटीची असावी. तिने लातूरला आबेदाबेगमच्या घरी वरच्या खोलीत राहावे. तिथे क्लासच्या मुली जे भाडे देतात तेच भाडे अंबिकेने द्यावे, एक रुपयाही कमी नाही, कारण आबेदाबेगमचे घर त्या खोल्यांवर चालते. हा खर्च परवडण्याजोगा नाही. तरी करावा.

अंगद, यातून तुझ्या वाट्याला बहुधा काही उरणार नाही. राग आला तर माझ्यावर काढ, आईला दाखवू नकोस. तिला हैदराबादला तुझ्या अकराव्या मजल्यावर नेऊ नकोस. तू प्रेमानेच नेशील, मीही काही वाईट हेतूने तिला इकडे आणले नव्हते.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे मित्र गुरुपादप्पा गुरुजी यांनी करावी. माझ्या देहाचे, जिथे मरेन तिथेच करून टाकावे.

पुरवणी. वरील मजकूर पुरा करून गुरुपादप्पा आणि मुज्तबा यांना साक्षीदार म्हणून बोलावले. गुरुपादप्पांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “व्यंकटराव, वहिनींना वाचून दाखवलंत का?” नव्हते दाखवले. माझ्यामागे कपाटात सापडावे आणि तिला बरे वाटावे, असा माझा बेत होता. गुरुजींनी तिला ओसरीवरून आत बोलावले आणि मी कलम पाच मोठ्याने वाचले.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी तुमी गेल्यावर म्या लातूरला जायचं.”

“हाव.”

“आन् तंवर? हितं बसून तुमच्या मरणाची वाट बघू व्हय?”

मुज्तबा खाली बघत राहिले.

“आबेदाची सय आली की तुमचं मरण मनात यायचं,” ती म्हणाली. “सय तर रोज येती. लई वंगाळ लिवलंय तुमी. मला नगं असलं.”

बेचाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर इतकी चिडलेली मी पाहिली नव्हती, आणि ती खरे बोलत होती. मी पुन्हा तिला न विचारता तिचे राहणे ठरवून मोकळा झालो होतो. मी म्हणालो, “चुकलं माझं. मग कसं करायचं, तू सांग.”

“दोघं मिळून जाऊ. जित्तेपणी.”

“मला तिथं परवडायचं न्हाई, अंबिका. औषधं हायत, भाडं हाय.”

“मग कमी खाऊ,” ती म्हणाली आणि तिनेच फोन लावला. आबेदाबेगमने सांगितले की बारावीची परीक्षा संपली की वरच्या पोरी गावाकडे जातात, पाडव्याआधी खोली रिकामी होते. मग मला फोनवर बोलावून ती म्हणाली, “भाईसाब, खोली ल्हान हाय. तुमी बी येऊन राहिलात ना? का पुन्हा तुमीच ठरवून बाईला एकटीलाच पाठवताय?” मी म्हणालो, “मी बी येतोय.” हे बोलताना मला रडू आले, हे साक्षीदारांनी पाहिलेले आहे म्हणून लिहितो.

सबब कलम पाचमधील “माझ्या मृत्यूनंतर” हे शब्द खोडले आहेत, खोडल्या जागी माझी सही आहे. घर विकायचा फलक मुज्तबा उद्याच गोदामाच्या भिंतीवर लावतो म्हणाले. बाकी कलमे कायम.

लिहून देणार: व्यंकटी लिंबाजी घंटेवाड (सही)

साक्षीदार, ज्यांनी सर्व समक्ष पाहिले व ऐकले:
१. गुरुपादप्पा, निवृत्त शिक्षक, जळकोट (सही)
२. मुज्तबा, भुसार व्यापारी, उदगीर (सही)

दिनांक: १७ फेब्रुवारी २०१९
मुक्काम: जळकोट, पाडव्यापर्यंत.