लातूरच्या रूमवर येसराची आमटी

९ डिसेंबर, सोमवार
हदगावहून एसटीनं लातूर. हाडं खिळखिळी झाली. नातीच्या रूमवर मुक्काम. पाहतो तर मनूची बॅग भरून दाराशी तयार! डॉक्टरकीच्या क्लासला आली तेव्हा कशी टवटवीत होती पोरगी. आता तोंड वाळल्या कारल्यासारखं. मेसचा डबा तसाच परत जातो म्हणे. "आजोबा, मला घरी न्या." तिच्या बापाचं म्हणणं, परीक्षेपर्यंत राहू द्या. मधे मी. म्हटलं, रविवारपर्यंत थांब बाई, मग तू म्हणशील तसं. हाव म्हणाली. जेवली न्हाई.

दाराशीच अंथरलं. भूकंपात औशाकडं बहिणीचं घर बसलं, ती वाचली, पण तेव्हापासून लातुरात आलो की मी दाराशीच.

१० डिसें.
गारठा लई. हिनं येसर बांधून दिलंय. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या, सगळं भाजून दळलेलं. पुतण्याच्या लग्नासाठी केलं होतं, त्यातलंच काढलं. म्हणाली, "पोरीला गरम आमटी करून घाला. लेकरालाबी येती ती."
लेकराला येत असंल. मी उकळत्या पाण्यात पीठ टाकलं आन् झाल्या गाठी. सुपाऱ्याच. मनूनं चमच्यानं एक दाबून पाहिली, वाटी सरकवली. हसली असती तरी चाललं असतं.
फोनवर ही: "आधी गार पान्यात कालवायचं! जन्मभर नुस्तं वरपलं, चुलीकडं बघितलं का कधी?"

११ डिसें.
खाली घरमालकीण रझियाबी. तिनं लसूण-कोथिंबीर दिली. आज आमटी जमली, पण पोरीनं दोन घास भात चिवडला. क्लासमधे नंबर मागं गेला, तेच मनाला खातंय. काय सांगू? मी वाचायला शिकलो किराण्याच्या पुड्यांचे कागद जोडून जोडून. मला कुणी नंबरच दिला न्हाई.

१३ डिसें.
लाज गेली आज सगळी!
पहाटे जमीन थरथरली. मांडणीतली भांडी वाजली. मी ताडकन उठलो. "भूकंप! बाहेर निघा!" मनूला हाताला धरून जिना उतरवला, जाता जाता सगळ्या रूमची दारं बडवली. पोरंपोरी गल्लीत. कुणी चादरीत, कुणी एका चपलेवर. रझियाबी कोंबडी काखेत घेऊन.
तीच आधी बोलली. "अहो दादा, पलीकडच्या प्लॉटवर बोअर मारून राहिलेत ते!"
अख्खी गल्ली हसली. एक पोरगी म्हणे, "आजोबा, रोज उठवत जा. अलार्मनं आमाला जाग येत न्हाई."
मी गोरामोरा. पण थंडीत परत झोपायला कुणी जाईना. मग रझियाबीचं मोठं पातेलं मागितलं, अंगणातच चूल पेटवली. तेलात लसूण लाल केला, पाणी ओतलं. गार पाण्यात कालवलेलं येसर उकळीला सोडलं, मीठ, वरून कोथिंबीर. ढवळत राहिलो. वाफेनं चष्मा धुरकटला. वाट्या कमी पडल्या, कुणी गिलासात, कुणी डब्याच्या झाकणात. नाकं गळायला लागली सगळ्यांची.
मनूला हसता हसता ठसका लागला. मग वाटी पुढं केली, "अजून." त्यात शिळी पोळी कुस्करली. चाटून पुसून.
"आजोबा, बॅग वरच राहिली की माझी."
"भूकंपात बॅग कोण घेतं, बाई?"
हिला फोन केला, पोरगी जेवली. तिचं पहिलं, "गाठी न्हाई ना झाल्या?"
जीव भांड्यात पडला.

१५ डिसें., रविवार
बोअरला पाणी लागलं म्हणे. रझियाबीनं साखर वाटली. मला बघून, "दादा, आज भूकंप कितीला?" गल्लीत माझं नावच 'भूकंप' पडलं.
मनू काल दोन्ही वेळ जेवली. बॅग अजून दाराशीच. चेन अर्धी उघडी, स्वेटर आन् एक जाड पुस्तक तेवढं बाहेर. जायचं का राहायचं, तिच्यावर सोडलंय. सकाळची हदगाव गाडी गेली, दुपारची आहे.
आत्ता येसराचा डबा हलवून बघते. "येसर किती दिवस पुरंल, आजोबा?"
"खाणाऱ्यावर आहे."
मी आधण ठेवलं. ती बसली गार पाण्यात पीठ कालवत, बोटानं एकेक गाठ मोडत.