मेहुण्याचं गोड प्रोटीन आणि माझं बीपी

३ जून
जाहीर झालं. लॅबचा नवा हेड: मेहुणा! बायकोचा धाकटा भाऊ. ज्याला पिपेट धरायला मी शिकवलं, तोच माझ्या उरावर. खुर्चीवर हक्क माझा, बावीस वर्षांचा. याला पाणी पाजलं नाही तर नाव लावणार नाही.

४ जून
त्याचा लाडका प्रोजेक्ट: रानफळातलं प्रोटीन. साखरेच्या हजारपट गोड, आणि म्हणे बीपी उतरवतं. स्टाफवर महिनाभर चाचणी. निम्म्यांना प्रोटीनचं पाणी, निम्म्यांना साध्या स्वीटनरचं. कुणाला काय, ते शेवटी कळणार. पहिलं नाव मी दिलं. मेहुणा गहिवरला, म्हणाला, भावोजी, तुमचाच आधार. असू दे.
प्लॅन: माझं बीपी उतरूच द्यायचं नाही. प्रोजेक्ट आडवा, मेहुणा आडवा.

५ जून, सकाळी ९
बीपी १३८. बाटली प्यायलो. गोडी सावकाश आली, जिभेवर रेंगाळली, असल्या प्रोटीनची येते तशी. म्हणजे प्रोटीनच! बावीस वर्षांची जीभ आहे, तिला कोण फसवणार?

९ जून
जेवणात वरून मीठ, मूठभर. बायको ओरडली. विज्ञानासाठी त्याग करावा लागतो, असं सांगितलं.

१४ जून
१५२. शाबास! नर्सनं विचारलं, काका, टेन्शन घेता का? म्हटलं, छे, देतो.

२२ जून
लिफ्ट सोडली. चार मजले धावत, थेट नर्ससमोर. जिन्यात मेहुण्याचं हसू आठवायचं. १६६. डोकं ठणकतंय. ठणकू दे.

४ जुलै
शेवटचं रीडिंग १७४! उद्या निकाल. सांत्वनाचं भाषण तयार: वय लहान आहे, चुका होतात. हेडच्या खुर्चीसाठी उशीही बघून आलो.

५ जुलै
मी स्वीटनरच्या गटात होतो.
प्रोटीनवाल्यांचं बीपी जेमतेम चार अंकांनी उतरलं. कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण आमच्या गटात चारच माणसं, त्यात मी. आमची सरासरी अशी चढली की त्यांची रेघ ग्राफमध्ये पार तळाला दिसायला लागली. संचालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मेहुण्याला बढती, थेट हेड ऑफिसात.

६ जुलै
म्हणजे खुर्ची रिकामी! मेहुण्यानंच माझं नाव सुचवलं म्हणे. वेडा आहे. उद्या मेडिकल तपासणी, नुसती औपचारिकता.

७ जुलै
नापास. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, एवढ्या बीपीवर जबाबदारीची जागा नको. रोज सकाळी गोळी, मीठ बंद. गोळ्या मेहुण्यानंच आणून दिल्या. असा संताप आला! पण संतापायलाही डॉक्टरांची मनाई आहे.