पत्रिकेतली शेवटची ओळ

गडमुडशिंगी,
७ नोव्हेंबर २००४

प्रिय अक्षताताई,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. आईचे गुडघे तसेच आहेत. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, त्यामुळे कोल्हापूरहून यायला तास लागतो. दाजींना जयभीम सांग. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. आधीची दोन लिहून फाडली.

माझं दुकान बरं चाललंय. टायपिंग, पत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. काल दूध संस्थेचा क्लार्क ज्ञानू बोलवायला आला. संस्थेनं नवा प्रिंटर घेतलाय आणि प्रत्येक पत्रातली खालची सेक्रेटरीच्या नावाची ओळ गायब होतेय. आठवडाभर त्यानं शाई बदलली, केबल बदलली, प्रिंटरला चापट्याही मारल्या. मी जाऊन सेटिंग उघडलं. कागद ए-फोर, आणि ड्रायव्हरमध्ये निवडलेला ‘लेटर’. तो आखूड असतो, म्हणून पानाचा तळ छापलाच जात नाही. मी ए-फोर केलं, नाव आलं.

“एवढंच व्हय?” ज्ञानू म्हणाला.

मी चहा न घेताच निघालो.

अण्णा गेल्यावर त्यांच्या जलदानविधीची पत्रिका मी छापली, तिच्यातही हेच झालं होतं. वर आईचं नाव, मग माझं आणि शेवटच्या ओळीत तुझं न् दाजींचं. व्हायरसमुळे त्याच आठवड्यात कॉम्प्युटर फॉरमॅट केला होता. ड्रायव्हर परत टाकताना ‘लेटर’ आपोआप आलं. विधीला आलीस तेव्हा तू दारातच पत्रिका वाचलीस, मला विचारलंस, मी म्हटलं प्रिंटरनं खाल्लं. तू जेवलीही नाहीस, दुपारच्या एसटीनं पुण्याला गेलीस. त्याला वर्ष होत आलं.

प्रिंटरचं सांगितलं ते खरं होतं, ताई. पण पहिलाच कागद बाहेर आला तेव्हा मी तो पाहिला होता. खाली बोटभर जागा कोरी होती. काय बिघडलंय तेही लगेच कळलं. दुरुस्तीला अर्धं मिनिट लागलं असतं. मी शंभर प्रती म्हणून बटण दाबलं आणि पंख्याखाली बसून राहिलो.

आठ महिने अण्णांची अंघोळ, औषधं, कूस बदलणं माझ्याकडे होतं. आणि डोळे उघडले की ते विचारायचे, “अक्षू आली व्हय?” तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा उठून बसले. माझ्यासाठी कधी बसले नाहीत. मला त्याचा फार राग होता. त्यांच्यावर काढता आला नाही, ते गेले होते. तुझ्यावर काढला.

आई वर्षभर त्या प्रिंटरवर डूख धरून आहे. दुकानात आली की त्याच्याकडे पाठ करून बसते. “ह्या मढ्यानं माझी पोरगी तोडली,” म्हणते. काल घरी येऊन तिला सगळं सांगितलं. बराच वेळ ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, “म्या त्या मशिनीला उगंच शिव्या दिल्या की.”

अण्णांचा पहिला स्मृतिदिन अठ्ठावीस तारखेला आहे. ये, असं लिहिणार होतो. आई नको म्हणाली. “ये म्हणू नगंस. काय केलंस तेवढं लिही. यायचं का न्हाय ते ती बघंल.”

तेवढं लिहिलं. सोबत तीच जुनी पत्रिका ठेवतोय, तुमच्या नावांच्या ओळीसकट नव्यानं छापलेली. एकच प्रत काढली आहे.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायचं का, ते आता तुझ्याकडे.

प्रसेनजीत