चक्रीच्या पलीकडे

तीर्थरूप काकांस,

पुतणीचा वाकून नमस्कार. (वाकताना कपाळावरचा कामाचा गॉगल नाकावर आला. तो तसाच ठेवून लिहिते आहे, तेव्हा ओळी वाकड्या गेल्या तर दोष गॉगलचा समजावा, संस्कारांचा नव्हे.) तुमचे गुडघे कसे आहेत? काकूंना आता झोप लागते का? तुम्ही अजून त्या दुकानात तयार कपाटं विकता आणि गिऱ्हाईक पाठमोरं झालं की कपाटाच्या फळीवर टिचकी मारून तोंड वाकडं करता, असं काकूंनी आईला फोनवर सांगितलं. आईने ते बाबांना सांगितलं. बाबा त्या दिवशी दुपारचं जेवण दोनदा जेवले.

इकडे सगळे ठीक. मी पदवीधर झाले हे तुम्हाला कळलंच असेल, कारण बाबांनी ते सरस विकणाऱ्यापासून सगळ्यांना कळवलं आहे. घरातली पहिलीच पदवी असल्यामुळे ती नक्की कशासाठी वापरायची हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. माझा विषय तत्त्वज्ञान होता. तरी बल्ब गेला, दूध नासलं, शेजारणीचा जावई रुसला, की मला हाक येते. मीही जाते. शिकलेल्या माणसाने चार लोकांच्या उपयोगी पडावं असं माझं मत आहे, आणि बल्ब मला बदलता येतो. (जावयाचं अजून चालू आहे.) नोकरीचे अर्ज केले आहेत. उत्तर येईपर्यंत मी आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात बसते. 'कारखाना' हा बाबांचा शब्द. आई अजून 'शेड' म्हणते.

दुपारी तिथे फार छान वाटतं, काका. वरच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा खाली येतो आणि त्यात भुसा तरंगत राहतो. पडायचं की नाही हे त्याने ठरवलेलं नसतं. लाकूड कापायची चक्री बंद केली तरी तिचं गोल पातं लगेच थांबत नाही. आधी ओरडणं, मग गुणगुणणं, मग नुसता श्वास, आणि मग आपण इतका वेळ काहीतरी ऐकत होतो हे तेवढं कळतं. पातं पुरतं थांबेपर्यंत कुणी हात पुढे करायचा नाही, हा तुमचाच नियम. तो आम्ही पाळतो, आणि त्या रिकाम्या वेळात प्रत्येक जण कुठेतरी निघून जातो. आपला मदतनीस पैलवान (अजूनही तसाच काडीसारखा आहे, वारा सुटला की फळीला धरून उभा राहतो) तर परत यायलाच विसरतो. माझंही तेच होतं, पण माझ्याकडे पदवी असल्याने त्याला चिंतन म्हणतात.

आता मुद्द्याकडे येते. तुमचं आणि बाबांचं वाजलं तेव्हा माझी परीक्षा चालू होती, म्हणून मला ते फक्त आईच्या तोंडून माहीत आहे. जाड लाकूड कापताना मध्ये येतं म्हणून बाबांनी पात्यावरचं लोखंडी कव्हर एका दिवसापुरतं काढलं, तो दिवस काही संपेना, आणि शेवटी तुम्ही म्हणालात की कव्हर नसेल तर मीही नाही. बाबांनी दाराकडे बोट केलं. ते दार त्यांनी घडवलेलं आणि बिजागऱ्या तुम्ही बसवलेल्या, त्यामुळे ते आपटलंसुद्धा नाही. आई म्हणते, तेवढं आपटलं असतं तरी दोघांचा राग निघून गेला असता. तेव्हापासून ते कव्हर मांडणीवर उताणं पडलं आहे आणि बाबा त्यात खिळे ठेवतात.

मध्यंतरी एक प्रकार झाला. (काकूंना वाचून दाखवत असाल तर हा भाग गाळा.) पात्याच्या दातांवर लाकडाचा चीक साचला होता, धार गेली होती, आणि बाबा फळी जोर लावून रेटत होते. बोथट पातं लाकूड कापत नाही, ते लाकडावर चिडतं. फळी थोडी तिरकी झाली, पात्याने ती पकडली आणि मागे भिरकावली. बाबा सवयीने फळीच्या रेषेत उभे न राहता जरा बाजूला होते म्हणून बरं. ती त्यांच्या कमरेजवळून गेली आणि भिंतीवरच्या घड्याळात घुसली. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही तरी पुढेच जात होतं."

मी मात्र त्या दिवसापासून हे काम हाती घेतलं. आधी भिंतीवर फलक लावले, पण ते भुशाने आठवड्याभरात कोरे झाले. मग सर्वांना हातमोजे आणले, आणि आणल्यावर वाचलं की फिरत्या पात्याजवळ मोजा घालणं सर्वांत वाईट, दातात अडकला की हात घेऊनच जातो. ते मोजे आता आई तव्यासाठी वापरते. मोकळे केस, सैल बाह्या बंद केल्या. शेवटचा तुकडा बोटांनी न सारता काठीने सारावा म्हणून मी स्वतः एक काठी घडवली. तिचा आकार बदकासारखा झाला. पात्याने आजवर त्याची चोच आणि थोडी मान खाल्ली आहे. ती आमची बोटं असती, हे मी रोज बदक दाखवून सांगते. पातं आता मीच स्वच्छ करते. आधी प्लग काढून वायरचं टोक डोळ्यांसमोर टेबलावर ठेवते, मग पाना, मग रॉकेलचं फडकं, एकेक दात. दात पुसता पुसता संध्याकाळ कधी होते ते कळत नाही.

पण खरं संकट पातं नव्हे, मन आहे, असं माझ्या लक्षात आलं. (इथे माझा विषय शेवटी कामी आला.) म्हणून मी नियम केला: बटण दाबायच्या आधी मनात काय आहे ते मोठ्याने सांगायचं, आणि लाकडाशिवाय दुसरं काही असेल तर त्याने चक्रीला हात लावायचा नाही. याचा परिणाम असा झाला की काम जवळजवळ थांबलं. पैलवानाच्या मनात कधीच लाकूड नसतं. एकदा म्हणाला, सगळ्या फळ्या रात्रीतून नावा होऊन निघून गेल्या आणि आपण काठावर हातोडी घेऊन उभे आहोत. एकदा नुसतंच म्हणाला, 'बेकरीवाली.' आम्ही त्याला दोन दिवस रंध्यावर बसवलं. पाट घ्यायला आलेल्या शिंपिणीने, तिला कुणी विचारलं नसताना, रांगेत उभं राहून सासूबद्दल जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. बाबा तेवढे रोज बटणाशी उभे राहून एकच शब्द बोलायचे: "लाकूड." मला त्यांचा अभिमान वाटायचा. असं एकाग्र मन ग्रंथांतून वाचलं होतं, ते घरातच निघालं.

तर काका, वाचनालयाच्या लांब टेबलाचं काम आलं आहे. एका अखंड फळीचं हवं आहे त्यांना. तुम्हाला ठाऊकच आहे, एवढी लांब फळी एकट्याने चालत नाही. अलीकडून एक जण सारतो आणि पलीकडे दुसरा ती झेलतो, तुम्ही झेलायचात तशी. ओढत नाही, नुसती तोलून धरतो. पैलवान तोलताना स्वप्नात जातो, म्हणून मी उभी राहिले. फळी टेबलावर चढवली. उन्हाचा पट्टा बरोबर तिच्यावर पडला होता. मी नियमाप्रमाणे विचारलं, "बाबा, मनात काय आहे?"

बाबांनी फळीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

"पलीकडे कोणी नाही," ते म्हणाले.

मी पलीकडेच उभी होते, काका. मला वाईट वाटलं नाही. मी वळून पाहिलं, आणि खरंच कोणी नव्हतं.

नियम तो नियम. बाबांनी स्वतःच्या हाताने प्लग काढला, वायरचं टोक टेबलावर ठेवलं आणि त्या फळीवर बसले. मी शेजारी बसले. मग पैलवानही येऊन बसला, कशाला ते न विचारता. भुसा तरंगत होता. कुणीही कुणाला उठवलं नाही.

असो. पत्र लांबलं. काकूंना नमस्कार, आणि गुडघ्यांना गरम पाण्याने शेक द्या.

तुमची,
पदवीधर पुतणी

ता. क. ती फळी अजून तशीच टेबलावर आहे. वाचनालयवाले दोनदा येऊन तिच्याकडे पाहून गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिच्यावर बसूनच वर्तमानपत्र वाचलं, म्हणजे तशी फार घाई नसावी. तरी तुम्हाला रविवारी येता आलं तर बघा. बाह्या घट्ट असलेला सदरा घाला.

ता. क. चा ता. क. तुम्हाला रविवारी जमणार नाही असं धरून आईने जास्तीची कणीक मळायची नाही असं ठरवलं आहे. काल दोनदा ठरवलं, आता तिसऱ्यांदा ठरवते आहे.

शेवटचा ता. क. खरं तर पत्र लिहायला मला बाबांनीच सांगितलं. काल सकाळी मी गेले तर खिळे एका डब्यात ओतलेले होते, आणि बाबा चक्रीखाली उताणे पडून पान्याने आवळत होते. कव्हराची वाकलेली पट्टी ठोकून सरळ केली होती, गंज घासला होता. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "त्याला लिही, कव्हर बसवलंय. एवढंच लिही."

तर काका, कव्हर बसवलंय. बाकी सगळं पत्र माझं.