गंगाधरसरांकडे सुट्टी मागितली

प्रिय अम्मी,

सलाम. महाबळेश्वरात थंडी लय आहे, पण मी दोन स्वेटर घालते आणि पोटभर जेवते. अब्बांचा गुडघा कसा आहे? फोनवर तू मध्येच रडतेस, म्हणून लिहून कळवते.

हॉटेलात रिसेप्शनवर लागल्यापासून चार महिने मला एकही सुट्टी नव्हती. हे तुला बोलले नव्हते. मागायला गेलं की भलतंच बोलून परत यायचे. मॅनेजर गंगाधरसरांच्या केबिनमध्ये पहिल्यांदा गेले आणि विचारलं, "सर, चहा आणू?" दुसऱ्यांदा गेले, तर त्यांनीच विचारलं, "चहा आणलास?"

परवा डोळे मिटून एका दमात बोलले, "सर, मला आठवड्याला एक सुट्टी पाहिजे, बाकी सगळ्यांना मिळती!" डोळे उघडले तर सरांच्या हातात फोन, स्पीकर चालू आणि पलीकडे मालकीणबाई! मी दाराकडे वळले.

बाई म्हणाल्या, "गंगाधर, हिला सुट्टी का नाही?"

सर म्हणाले, "तिनं कधी मागितलीच नाही, मॅडम."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आता मागतीय की, सर!"

मंगळवार मिळाला. आता स्वयंपाकघरातल्या शरयूताई म्हणतात, "भांडी घासायला गरम पाणी मिळत नाय, त्याचंबी तूच बोल गं." मी हो म्हटलंय आणि तेव्हापासून आरशासमोर बोलून बघतेय.

आज माझा पहिला मंगळवार. तळं बघायला जाईन म्हटलं होतं, पण दुपारी दोनपर्यंत झोपले आणि उठल्या उठल्या तुला लिहायला बसले.

अब्बांना सलाम, धाकट्या सबीनाला गोड पापा.

तुझी लेक,
मुबश्शिरा