नत्थू रंगारी यांच्या गाण्याची व्यवस्था

मी, देवदत्त शामराव भुसारी, वय ५६, वाणिज्य पदवीधर, राहणार शंकर नगर, रायपूर, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वेच्छेने व पूर्ण शुद्धीत पुढील व्यवस्था लिहून ठेवत आहे. याआधीचे लेखी काही सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी वीणा हिला.

२. इलेक्ट्रिक गिटार व अ‍ॅम्प्लिफायर पुतण्या श्रेयस यास. अ‍ॅम्प्लिफायर घरघरतो, तो तसाच वाजवावा. आमच्या बँडच्या एकमेव कॅसेटमधील प्रेमगीते त्याने खुशाल गावीत. ती सुमार आहेत, पण निरुपद्रवी आहेत.

३. त्याच कॅसेटमधील भनपुरीच्या कारखान्यावरचे गाणे कलम २ मध्ये येत नाही. भाजलेल्या कामगारांची नावे हजेरीपटावरून खोडली जातात, हे १९९४ साली भट्टीवरच्या नत्थू रंगारी यांनी मला विश्वासाने सांगितले. मी त्याचे गाणे केले आणि धृपदात त्यांचेच नाव चार वेळा घेतले. आमचा ड्रमर लोकेश म्हणाला होता, "अबे, नाव बदल. त्याले तिथंच नोकरी करायची आहे." खोट्या नावाने खरे गाणे होत नाही, असे मी त्याला सुनावले. वस्तुतः ते नाव ठेक्यावर चपखल बसत होते, इतकेच. लोकेशवर मी पुढे तीस वर्षे राग धरला, कारण तो बरोबर होता.

ते गाणे आम्ही एका जाहीर कार्यक्रमात गायलो. त्यानंतर तिसऱ्या दिवशी नत्थू यांना कारखान्याच्या फाटकावर अडवले. अकराव्या दिवशी ते दुसरे काम शोधायला सायकलवर निघाले, ते परतले नाहीत. मी पुन्हा गाणे लिहिले नाही. लग्नाच्या वरातीत ढोल वाजला तरी मला ते नाव ऐकू येते.

४. यंदा श्रेयसला ते गाणे मंचावर गायचे होते. त्याला घेऊन मी नत्थू यांच्या पत्नी शांताबाई यांच्याकडे गेलो. त्यांनी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली.

"आवाज चांगला होता तुमचा. पण भैया, हे त्यायनं ऐकलंच नाही. त्या दिवशी ड्यूटीवर होते."

श्रेयसने विचारले, "आंटी, मैं गा लूँ?"

"मले काहून विचारतोस, पोट्ट्या? ते आले का त्यायलेच विचार."

५. सबब, त्या गाण्याचे शब्द, चाल व ध्वनिमुद्रण यांचे सर्व हक्क मी श्री. नत्थू रंगारी यांना देत आहे. सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यास कायदा माणसाला मृत मानू शकतो, हे मला ठाऊक आहे. या दस्तात मी त्यांना कोठेही दिवंगत म्हटलेले नाही. अंमल करणाऱ्यानेही म्हणू नये. तोवर हक्क शांताबाई व त्यांच्यामागे कन्या चेतना सांभाळतील. गाण्याची परवानगी मात्र नत्थू यांनी स्वतः, समक्ष द्यावयाची आहे.

रायपूर, १४ नोव्हेंबर २०२४
(सही) देवदत्त शामराव भुसारी

वरील सही आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत झाली:
१. (सही) लोकेश वासनिक
२. (सही) ज्ञानदा देवपुजारी